नवसारीचे गडकरी आणि बडोद्याचा सुधाकर

मराठी रंगभूमीच्या इतिहासात दोन तारखा अगदी जवळजवळ आहेत. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर गावी राम गणेश गडकरी वारले. त्यानंतर अवघ्या २८ दिवसांनी, म्हणजे २० फेब्रुवारी १९१९ रोजी, त्यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने केला. तो झाला पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे, तर आपल्या या बडोद्यात. ज्या नाटकाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले, ते नाटक त्यांना रंगमंचावर पाहता आले नाही. आणि या माणसाचा जन्मही याच मुलखातला, नवसारीचा. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानातच होती.

बडोद्याच्या मराठी माणसाला गडकरी असे दोन्ही टोकांनी आपले वाटतात. यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा निरोप आला, तेव्हा आमच्या मनात त्यांचेच नाव आले. आम्ही साहित्याचे पदवीधर नव्हे. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेली माणसे. पण नाटक पाहायला आणि त्यावर विचार करायला पदवी लागत नाही, या भरवशावर हा लेख रसिक वाचकांपुढे ठेवत आहोत.

गडकरींचा जन्म २६ मे १८८५ चा. घर मूळचे कोकणच्या बाजूचे, कर्जतचे. पण बाळपण गेले गुजरातेत आणि पहिली अक्षरे गिरवली ती गुजराती शाळेत. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले आजही हेच करतात. घरात मराठी, शाळेत गुजराती, आणि दोन्ही भाषा अर्ध्या राहतील की काय, ही आईबापांची काळजी. त्या काळजीवर गडकरींएवढे चांगले औषध नाही. गुजराती शाळेत बसलेला हा मुलगा पुढे मराठीत भाषाप्रभू म्हणून ओळखला गेला आणि महाराष्ट्राचे गौरवगीतही त्यानेच लिहिले.

मुलगा जेमतेम आठ वर्षांचा असताना, १८९३ साली, वडील गेले. पाठोपाठ एक धाकटा भाऊही गेला. कर्ता पुरुष गेलेल्या घराची जी वाताहत होते ती झाली. कर्जत, मग पुणे असा प्रवास करत कुटुंब पुण्यात स्थिरावले. मॅट्रिकची परीक्षा पास व्हायला १९ वे वर्ष उजाडले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात नाव घातले, पण पहिल्याच वर्षी गणिताने दगा दिला आणि कॉलेज सुटले ते सुटलेच. पदवी नाही, वडिलोपार्जित पैसा नाही, वशिला नाही. दैवाने हात आखडता घेतला असे म्हणायला या तरुणाकडे पुरेपूर कारणे होती.

कॉलेज सुटल्यावर त्यांनी वाट धरली नाटक कंपनीची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली सुरू केलेली किर्लोस्कर नाटक मंडळी तेव्हा नावारूपाला आलेली होती. कंपनीत लहान वयाची बरीच मुले असत, त्यांना शिकवायला मास्तर लागे. ती नोकरी गडकरींनी पत्करली. मुलांना शिकवायचे आणि रात्री विंगेतून नाटके पाहायची. कुठले वाक्य टाळी घेते, कुठे प्रेक्षक चुळबुळ करू लागतात, कुठला प्रवेश लांबला, हे सगळे रोज डोळ्यांपुढे घडत होते. कॉलेजने जे शिकवले नसते ते त्या विंगेने शिकवले.

गुरू म्हणून त्यांनी मानले श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. विनोद आणि कोटी ही कोल्हटकरांकडून घेतली आणि मग आपल्या रीतीने वाढवली. कवितेत त्यांनी स्वतःला केशवसुतांचे अनुयायी मानले. एका माणसाने तीन नावे धारण केली. नाटककार म्हणून राम गणेश गडकरी, विनोदी लेखक म्हणून बाळकराम आणि कवी म्हणून गोविंदाग्रज. गोविंदाग्रज या नावाचा सरळ अर्थ गोविंदाचा थोरला भाऊ. लहानपणी भाऊ गमावलेल्या माणसाने कवितेसाठी भावाच्या नात्याचे नाव घ्यावे, यात त्यांच्या मनाचा एक कोपरा दिसतो. लोकांना हसवणारा बाळकराम आणि एकांतात झुरणारा गोविंदाग्रज एकाच अंगरख्यात वावरत होते.

संसाराचे सुख त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. पैशाची चणचण पाठीशी होतीच. तब्येत पहिल्यापासून नाजूक, आणि पुढे क्षयाने घेरले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. हवापालट, विश्रांती आणि देवाचे नाव एवढेच उपचार. अशा परिस्थितीत १९१२ साली 'प्रेमसंन्यास' रंगभूमीवर आले आणि १९१६ साली 'पुण्यप्रभाव'. नंतर 'एकच प्याला' आणि 'भावबंधन'. 'राजसंन्यास' आणि 'वेड्यांचा बाजार' अपुरी राहिली. पहिल्या नाटकापासून मृत्यूपर्यंत मोजून सात वर्षे. एवढ्या काळात चार पूर्ण नाटके, शिवाय विनोदी लेख आणि कविता. त्यांच्या कवितांचा 'वाग्वैजयंती' हा संग्रह निघाला तो १९२१ साली, तेही ते गेल्यावर.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शोकांतिका हा प्रकार आपल्या जुन्या नाटकात जवळजवळ नव्हता. भासाच्या 'ऊरुभंगा'सारखे अपवाद सोडले तर संस्कृत नाटक शेवटी मंगल व्हायचे. दुःख मध्ये येईल, विरह होईल, शाप पडेल, पण भरतवाक्याच्या आधी सगळे जुळून येईल. ग्रीकांचे तसे नव्हते. त्यांच्याकडे राजा ईडिपस देवाची वाणी टाळण्यासाठी घर सोडून पळतो आणि पळता पळता नेमके तेच करून बसतो. ॲरिस्टॉटलने या नाटकांचा अभ्यास करून असे मांडले की, शोकांतिकेचा नायक अगदी सज्जन नको आणि अगदी दुर्जनही नको. तो आपल्यासारखाच, पण काहीसा मोठा असावा, आणि त्याचा नाश दुष्टपणामुळे नव्हे तर एखाद्या चुकीमुळे, एखाद्या उणिवेमुळे व्हावा. शेक्सपिअरने ती उणीव आणखी माणसाच्या आत नेली. मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा संशय, हॅम्लेटचे न ठरवू शकणे. तिथे दैव असते, पण ते दाराशी उभे असते. दार आतून उघडतो तो माणूस.

हे सगळे मराठीत आले भाषांतरांच्या वाटेने. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' लिहिले, ते १८८३ साली. गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' आणले, ते १८९० साली. म्हणजे गडकरी लिहू लागले तेव्हा मराठी प्रेक्षक नायकाचा नाश पाहायला थोडाफार सरावला होता. पण तो नाश राजवाड्यातला होता, सरदारांचा आणि राजपुत्रांचा होता. गडकरींनी तो आणला वकिलाच्या दिवाणखान्यात. नायक राजा नाही, सनदी वकील. त्याला मारायला राक्षस येत नाही, हातातला पेला पुरतो.

'एकच प्याला'ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. सुधाकर हा गरिबीतून वर आलेला, हुशार आणि मानी वकील. घरात सिंधूसारखी पत्नी, रामलालसारखा मित्र. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, अपमान होतो आणि सहा महिन्यांसाठी सनद जाते. जिवाभावाचा मित्र त्याच सुमारास विलायतेच्या वाटेला लागलेला. अपमानाने जळणाऱ्या सुधाकराला तळीराम सांगतो की, विसरायचे असेल तर एवढा एक पेला घे. तो एक पेला पुढे त्याचे घर, अब्रू, मूल आणि बायको, सगळे घेऊन जातो. शेवटी नशेत त्याच्याच हातून मूल मरते, सिंधू जखमी होते आणि मरता मरता नवऱ्याला वाचवण्यासाठी पोलिसांपुढे खोटे बोलते. मग सुधाकरही विषाचा पेला घेऊन संपतो.

या नाटकाला दारूबंदीचे नाटक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हीही पुष्कळ दिवस तसेच समजत होतो. पण पुस्तक पुन्हा वाचताना ध्यानात येते की दारू येण्याच्या आधीच सुधाकर घसरलेला आहे. त्याचा दोष दारू हा नाही. दोष आहे अपमान सहन न होणे. गरिबीतून स्वतःच्या बळावर वर आलेल्या माणसाचा ताठा त्याच्यात आहे. हा ताठा नसता तर तो वर आलाच नसता, आणि हाच ताठा त्याला खाली ओढतो. ज्या गुणाने माणूस मोठा झाला तोच गुण प्रसंग बदलला की दोष होतो, ही जुन्या शोकांतिकांची खरी खूण आहे, आणि ती गडकरींना बरोबर सापडली होती.

नाटकाच्या मध्यावर सुधाकर दारू सोडतो हे आपण विसरतो. तो शुद्धीवर येतो, पश्चात्ताप करतो आणि नोकरी मागायला जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो. तिथे त्याला टोमणे मिळतात, दारे बंद होतात. पुन्हा तोच अपमान, पुन्हा तीच जळजळ, आणि तो पुन्हा पेल्याकडे जातो. व्यसन सुटले होते, स्वभाव सुटला नव्हता. गडकरींनी याच नाटकात भगीरथ ठेवला आहे. तोही मनाला लागलेल्या निराशेने पिऊ लागलेला. पण त्याला रामलाल भेटतो, काही काम मिळते, दुसऱ्यांसाठी जगण्याचे कारण मिळते, आणि तो बाहेर येतो. तीच बाटली, तेच दैव, तरी एक बुडतो आणि एक तरतो. ही दोन माणसे शेजारी शेजारी ठेवून गडकरींनी आपले उत्तर देऊन ठेवले आहे.

त्यांच्या पुढच्या नाटकातही हेच सूत्र आहे. 'भावबंधन'मधला घनश्याम लतिकेने केलेला अपमान विसरू शकत नाही आणि सूडाने पेटून एका घराचा छळ मांडतो. त्या नाटकाचा शेवट गोड आहे, पण ठिणगी तीच आहे, दुखावलेला मान. दोन नाटके ओळीने एकाच दुखण्यावर लिहिली गेली, याचा अर्थ लेखकाने हे दुखणे जवळून पाहिले असले पाहिजे.

आणि इथे गडकरींचे स्वतःचे आयुष्य आठवल्याशिवाय राहवत नाही. लहानपणी बाप गेला, भाऊ गेला, शिक्षण अर्धवट राहिले, संसार धड झाला नाही, शरीर क्षयाने पोखरले. ज्याने दैवाला दोष द्यावा, असा हक्काचा माणूस शोधायचा तर गडकरींच्या पुढे कोण? पण त्यांनी दैवाच्या नावाने बोटे मोडणारे नाटक लिहिले नाही. त्यांच्या नाटकात माणूस आपल्या हाताने पेला उचलतो. स्वतःवर दैवाचे घाव सोसणाऱ्या लेखकाने पात्रांना मात्र दैवाची सबब दिली नाही, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या सगळ्या भाषावैभवाहून मोठी वाटते.

त्यांचे दोषही सांगायला हवेत. मोठ्या माणसाला नमस्कार करताना डोळे मिटून घेण्याची गरज नसते. गडकरींची भाषा कधी कधी इतकी फुलते की पात्र मागे राहते आणि लेखकच बोलू लागतो. स्वगते लांबतात. कोटीवर कोटी येते आणि ऐन दुःखाच्या जागीही अलंकार सुटत नाहीत. आजचा नट ती वाक्ये म्हणताना दमतो. दुसरा आक्षेप सिंधूचा. आमच्या घरातल्या बायका हे नाटक पाहून रडल्या नाहीत, चिडल्या. दुसऱ्यांची दळणे दळून पोट भरणारी ही बाई एकदाही नवऱ्यासमोर का उभी राहत नाही, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल रास्त आहे. पण त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती फटकळ आहे, नवऱ्याचे वाभाडे काढते. सिंधूची सहनशीलता गडकरींनी देव्हाऱ्यात बसवली हे खरे. पण शेजारी गीतेला बोलू दिले, हेही विसरू नये.

१९१८ सालची अखेर. क्षय हाताबाहेर गेलेला. गडकरी सावनेरला भावाकडे गेले. अंथरुणाला खिळलेल्या त्या दिवसांत 'भावबंधन' पुरे करायचे राहिले होते. ते त्यांनी मृत्यूच्या अगदी उंबरठ्यावर पुरे केले आणि डोळे मिटले. वय चौतीसही पूर्ण नव्हते. 'एकच प्याला' लिहून झाले होते, पण त्यातली पदे व्हायची होती. ती त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. आज ज्या पदांवर आपण माना डोलावतो त्यांतला शब्द गडकरींचा नाही, गुर्जरांचा आहे. मित्राचे राहिलेले काम पुरे करून स्वतः मागे उभे राहणारा असा माणूस नाटकातल्या रामलालाची आठवण करून देतो.

बडोद्यातच पहिला प्रयोग होण्याला कारण होते. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीला श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाडांचा आश्रय होता. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू. भरजरी शालूसाठी ज्यांचे नाव, ते बालगंधर्व या नाटकात ठिगळे लावलेल्या लुगड्यात उभे राहिले. नुकत्याच वारलेल्या लेखकाचे नाटक, तेही असे काळीज चिरणारे. बडोद्याच्या त्या प्रेक्षकांनी ती रात्र कशी काढली असेल, याची आपण कल्पनाच करावी. त्याच वर्षी बळवंत संगीत मंडळीने 'भावबंधन'ही रंगभूमीवर आणले आणि मास्टर दीनानाथांची लतिका गाजली.

शंभराहून अधिक वर्षे झाली. आपण राहतो त्या गुजरातेत राज्य स्थापन झाल्यापासून दारूबंदी आहे. तरी २००९ साली अहमदाबादेत लठ्ठाकांडात शंभराहून अधिक माणसे गेली, २०२२ साली बोटादकडे पुन्हा तेच झाले. कायदा हवाच, तो नसावा असे आम्ही म्हणणार नाही. पण कायदा बाटली अडवतो, बाटलीकडे जाणारा रस्ता कायद्याला दिसत नाही. सरकारी नोकरीत आमच्या टेबलावरून कुटुंब निवृत्तिवेतनाच्या फायली जातात. त्यांत कधी कधी अर्जदार विधवेचे वय तिशीतले असते. फायलीत कारणाला जागा नसते, पण कचेरीत सगळ्यांना कारण ठाऊक असते. बढती हुकली होती, वरिष्ठ चारचौघांत बोलले होते, भावाने जमिनीत फसवले होते, मग हळूहळू सुरू झाले. चहाच्या टपरीवर उसासा टाकून कोणीतरी म्हणतो की बिचाऱ्याचे नशीबच तसे. आणि विषय संपतो.

गडकरी हा विषय तिथे संपू देत नाहीत. नशीब म्हटले की आपण सगळे सुटतो. तो माणूस सुटतो, टोमणे मारणारे सुटतात, पेला पुढे करणारा तळीराम सुटतो आणि वेळेवर घरी न गेलेला मित्रही सुटतो. स्वभाव म्हटले की निदान विचार करावा लागतो. अपमान झालेला माणूस त्या संध्याकाळी एकटा आहे का, एवढे पाहणे तर कोणाच्याही हातात आहे. सुधाकराला त्या संध्याकाळी तळीरामाऐवजी दुसरे कोणी भेटले असते तर पाच अंकांचे नाटक पहिल्याच अंकात आटोपले असते.

म्हणून सांस्कृतिक समितीला एक विनंती करून थांबतो. गणेशोत्सवात 'एकच प्याला'मधला प्रवेश करायचा म्हटले की सगळीकडे शेवटचा अंक निवडला जातो. सिंधूचा मृत्यू, सुधाकराचा आक्रोश, टाळ्या आणि रुमाल. पुढच्या वर्षी आपल्या मंडळाने पहिल्या अंकातला तो प्रवेश करावा, जिथे सनद गेलेला सुधाकर बसला आहे आणि तळीराम त्याच्यापुढे पहिला पेला धरतो आहे. त्यात रडण्यासारखे काही नाही, नटालाही टाळ्या कमी पडतील. पण मंडपात बसलेल्या एखाद्याला तो उपयोगी पडेल. तालमीला जागा हवी असेल तर आमच्या घरची गच्ची मोकळी आहे, आणि तळीरामाची भूमिका कोणी घेत नसेल तर तीही आम्ही करू.